टाक्याच्या भिंतीवरचं नाव

आंबेधारच्या लोकांनी त्या यंत्राला चित्रगुप्त असं नाव ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. यंत्र दिसायला साधंच. कापडावर इस्त्री फिरवावी तसं दगडावरून फिरवायचं. पण दोन वर्षांत त्यानं पंचक्रोशीची झोप उडवली होती.

त्याचं असं झालं. धारजाईच्या गडावर येणारा माणूस वर जाताना भरलेली बाटली नेई आणि उतरताना हात हलवत येई. तटाच्या भोकांत वेफर्सची पाकिटं कोंबलेली असत. शिवाय ज्याला त्याला आपलं नाव गडावर ठेवून जायची हौस. किल्ली, खिळा, हातातलं कडं, जे सापडेल त्यानं कोरायचं. रंगानं लिहिलेलं पुसता येतं, कोरलेलं कसं पुसणार? आणि पकडणार तरी कुणाला? 'स्वप्नील' नावाची माणसं राज्यात लाखभर असतील.

ती अडचण चित्रगुप्तानं दूर केली. काळ्या पाषाणावर ओरखडा उठला की आतला ताजा दगड उघडा पडतो. त्यातलं लोह हवेपाण्यानं हळूहळू गंजत जातं. गंजाचा हा थर इतक्या संथपणे आणि इतक्या नेमानं वाढतो, की त्याची जाडी मोजली तर ओरखडा कोणत्या वर्षीचा ते सांगता येतं. यंत्र प्रकाशाची तिरीप टाकून ती जाडी मोजी. पुढे खाचेच्या तळाशी हत्याराच्या टोकाचा ठसा शोधी. हात कुठून कुठे गेला, कुठे जोर लागला, कुठे थबकला, तेही कडांवरून वाची. अक्षराचं वळण कागदावर राहतं तसं दगडावरही राहतं. ते सरकारी नोंदींतल्या अर्जांशी आणि सह्यांशी ताडून पाहिलं की माणूस सापडे. मग नव्या वारसा कायद्याप्रमाणे गडाच्या पायथ्याशी पाटीवर त्याचं नाव लागे आणि तीस दिवस गड झाडायची शिक्षा होई. गुन्हा कालचा असो की वीस वर्षांपूर्वीचा, त्यात फरक नव्हता.

हे यंत्र आंबेधारला आणलं ते वृषाली जगदाळे यांनी. बाई गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि गड संवर्धन समितीच्या अध्यक्ष. वय साठ, पाठ ताठ, आवाज अजून वर्गातला. गावात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. त्यांनी हजारो अर्ज केले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या आणि चित्रगुप्त मिळवला. आता पाटीवर एकशे चौदा नावं होती आणि गड स्वच्छ होता, हे कुणालाही मान्य करावं लागे.

त्या सोमवारी समितीच्या कचेरीत दीपक साळवी नावाचा माणूस येऊन बसला होता. पोस्टात कारकून. कॉलेजात असताना त्यानं बुरुजावर बदामात दोन नावं कोरली होती.

"बाई, तीस दिवस झाडलं मी. कुरकुर नाही केली. पण पाटीवरचं नाव तेवढं उतरवा. पोरगी शाळेत जायला मागत नाही. मुली तिला 'बदाम' म्हणून चिडवतात."

"वर्षभर नाव राहतं. नियम आहे."

"मला चालेल, बाई. पोरीचं बघा."

"साळवी, घरात संस्कार नसले की ते असे बाहेर पडतात," बाई म्हणाल्या. "मुलीला सांगा, वडिलांकडून काय शिकू नये ते शीक."

दीपक उठला. दारात त्यानं पायात चपला घातल्या, पुन्हा काढल्या, बाईंकडे वळला, मग परत घालून निघून गेला. बाईंनी पुढचा कागद ओढला.

तो कागद पुण्याच्या प्रयोगशाळेचा होता. गडाच्या कुशीत पाण्याचं एक कोरीव टाकं आहे. त्याच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा अडीच ओळींचा ब्राह्मी लेख आहे. कुणा एका व्यापाऱ्यानं वाटसरूंसाठी हे टाकं खोदून दिलं, एवढाच त्याचा मजकूर. त्यातल्या दुसऱ्या ओळीवर आडवं, बोटभर उंचीच्या अक्षरांत कोरलं होतं: 'रखमा'. लेखाची डागडुजी करायची तर मूळ खाचा कोणत्या आणि नंतरच्या कोणत्या हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी डॉक्टर तन्वीर मुजावर हे शास्त्रज्ञ येणार होते. गुन्हेगार शोधायचा प्रश्नच नव्हता. तो सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच सापडला होता.

तेव्हा वृषाली आठवीत होती, आणि रखमा धोत्रेही. वृषाली सरपंचांची मुलगी. रखमा मारुती वडाराची. मारुती खडी फोडायच्या कामावर होता. दोघी एका बाकावर बसत. शाळेची सहल गडावर गेली. दुसऱ्या दिवशी टाक्यावरचं नाव दिसलं आणि गावात आगडोंब उसळला. रखमाच्या दप्तरात बापाची लहान छिन्नी निघाली. ती गारगोट्या काढायला बरोबर ठेवायची. झालं. नाव तिचं, छिन्नी तिची, जात दगड फोडणाऱ्यांची. 'मी न्हाई, गुर्जी,' असं ती किती वेळा म्हणाली ते कुणी मोजलं नाही. ग्रामसभेत मारुतीला उभं करून कान धरायला लावले. रखमाचं नाव शाळेतून कमी झालं. आठ दिवसांत मारुतीनं बिऱ्हाड ट्रकात घातलं आणि दूरच्या खाणीवर गेला.

रखमा चाळिशीत परत आली ती गवंडी होऊन. जुन्या चुन्याच्या कामात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. आता तिच्या हाताखाली बारा माणसं होती आणि गडाच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडेच होतं. बाईंनीच ते तिला मिळवून दिलं होतं. लोक म्हणत, बघा बाईंचं मन.

बुधवारी सकाळी टाक्यापाशी पाचसहा माणसं जमली. तन्वीर पस्तिशीचा, कऱ्हाडकडचा, मृदू बोलणारा. त्यानं तासभर यंत्र फिरवलं. रखमा थोड्या अंतरावर चुना कालवत होती. बाई टाक्याच्या काठच्या दगडावर बसून नोंदवही लिहीत होत्या.

"मॅडम, गंमत आहे," तन्वीर म्हणाला. "हे नाव छिन्नीनं कोरलेलंच नाही."

रखमाची थापी थांबली.

"छिन्नी दगड फोडत जाते. ही खाच ओढलेली आहे. टोक सुईसारखं गोल. आणि हे बघा, प्रत्येक रेघेच्या शेजारी दुसरी एक फिकी रेघ आहे. तीत शिसपेन्सिलीचे कण आहेत. आतली जागा, पाऊस लागत नाही, म्हणून राहिलेत. दोन पाय असलेलं हत्यार, एकात सुई, एकात पेन्सिल." तो हसला. "कर्कटक. कुणाच्या तरी कंपासपेटीतलं."

"माझ्यापाशी कंपासपेटी न्हवती," रखमा म्हणाली. ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. "उभ्या जन्मात न्हवती."

तन्वीरला जुनी हकीकत ठाऊक नव्हती. तो आपल्याच नादात बोलत राहिला. "आणि नावापुढे अर्धवट सोडलेलं एक अक्षर आहे. डोळ्यांना दिसत नाही, फार उथळ आहे. हा 'व' असावा. 'रखमा व' आणि पुढे आणखी कुणीतरी. लिहिता लिहिता हात थांबलाय. दगडाचा चुरा उलट्या कडेला दाबला गेलाय, म्हणजे लिहिणारा डावखुरा."

बाईंच्या डाव्या हातात पेन होतं. आयुष्यभर फळ्यावर, हजेरीपटावर, दाखल्यांवर त्या डाव्या हातानंच लिहीत आल्या होत्या. त्यांनी पेन सावकाश उजव्या हातात घेतलं.

रखमा जवळ आली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. "सायेब, कोन त्ये कळंल का?"

"लहानपणीचं अक्षर पुढे बदलतं, म्हणून सरकारी नोंदी इथं उपयोगाच्या नाहीत. त्या वेळच्या मुलांचं हस्ताक्षर मिळालं तर कळेल. शाळेत काही जुनं असेल का, मॅडम?"

होतं. त्या वर्षीचं शाळेचं हस्तलिखित होतं. आठवीच्या प्रत्येक मुलीनं त्यात स्वतःच्या अक्षरात एक पान लिहिलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात, लोखंडी कपाटात, वरच्या खणात. बाईंनीच ते तिथं जपून ठेवलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "वाळवीनं खाल्लं सगळं."

तन्वीरनं आपल्या नोंदवहीवर त्यांची सही मागितली. उजव्या हातानं केलेली ती सही रांगत्या किड्यासारखी आली. त्यानं सहीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि वही मिटली.

दुपारी बाई शाळेत गेल्या. शिपायानं उठून नमस्कार केला, कपाट उघडून दिलं. हस्तलिखित पदराआड घेऊन त्या घरी आल्या, दार लावून घेतलं आणि चूल पेटवावी तशी अंगणातली बंबाची शेगडी पेटवली. एक मिनिटाचं काम होतं. सत्तेचाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट एका मिनिटात कायमची मिटणार होती.

सहलीच्या त्या दिवशी त्यांना काही वाईट करायचं नव्हतं. टाक्यातलं पाणी गार होतं, दोघी मैत्रिणी होत्या, मागे येणाऱ्यांना आपण इथं आलो होतो हे कळावं एवढंच मनात होतं. आधी मैत्रिणीचं नाव, मग 'व', मग आपलं. 'व' अर्धा झाला आणि गुरुजींच्या चपला वाजल्या. बस. त्यानंतर तोंड उघडायला किती दिवस मिळाले होते! ग्रामसभेत त्या वडिलांच्या मांडीशी बसल्या होत्या. मारुती वडार चार हातांच्या अंतरावर कान धरून उभा होता.

त्यांनी हस्तलिखित उघडलं. आपलं पान फाडायचं आणि बाकीचं ठेवायचं, असं एकदा मनात आलं. पण एकच पान गेलं तर तेच बोललं असतं. पानं उलटता उलटता मध्येच एक पान आलं. 'दगड कसा फुटतो. लेखिका: कु. रखमा मारुती धोत्रे, इयत्ता आठवी.'

बाई उभ्यानंच वाचू लागल्या. 'दगडावर नुसता घण घालून तो फुटत नाही. आधी त्याच्यावर पाणी टाकावे. पाणी जिथे लवकर सुकत नाही तिथे त्याची शीर असते. माझे वडील म्हणतात, शीर सापडली की दगड आपण होऊन उघडतो. त्याला दुखत नाही.' अक्षर गोल, एकसारखं, ओळी सरळ. पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलीचं अक्षर. पुन्हा कधी कुठल्या वहीत न लिहिलेल्या मुलीचं.

शेगडी विझेपर्यंत बाई तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या रखमाच्या घरी गेल्या. इतक्या वर्षांत त्या तिच्या उंबऱ्याच्या आत कधी गेल्या नव्हत्या. कामं मिळवून दिली होती, पण निरोप पाठवून.

"बाई, तुमी?" रखमानं पदराला हात पुसले. "या की. बसा. च्या टाकते."

"नको, रखमा. तू बस."

त्या रखमाला अगं-तुगं करत आणि रखमा त्यांना अहो-जाहो करी. बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघींचं हे कधी असं झालं, हे बाईंना आजवर खटकलं नव्हतं. आज खटकलं.

त्यांनी हस्तलिखित पुढे ठेवलं. रखमानं पान पाहिलं. चष्मा शोधला. बोट ठेवून, अडखळत, स्वतःचा मजकूर शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला.

"ह्ये मी लिवलं?" ती हसली. तिचे डोळे भरले होते. "किती शानी व्हते मी! कुटं सापडलं? वाळवीनं खाल्लं म्हनालात न्हवं?"

"खोटं बोलले." बाईंनी खाली पाहिलं. "पुढचं पान माझं आहे. ते तन्वीरना दिलं की मशीन माझं नाव सांगेल. टाक्यावर मी लिहिलं, रखमा. तुझं नाव आधी, मग माझं लिहिणार होते. गुरुजी आले म्हणून राहिलं. नंतर मी गप्प बसले."

रखमानं हस्तलिखित मिटून मांडीवर घेतलं. बाहेर तिची माणसं हौदात चुना भिजवत होती, त्याचा चर्र आवाज येत होता.

"आमचा ट्रक निगाला," ती शेवटी म्हणाली, "तवा तू मागनं पळत आली व्हतीस. आंगातला स्वेटर काडून दिलास. मी नातवंडांना सांगते. सगळं गाव उलाटलं व्हतं, पन एक मानूस व्हतं आपलं. एवडंच सांगते मी त्या गावाचं चांगलं." तिनं चष्मा काढला. "म्हंजे त्यो स्वेटर तू त्यापायी दिलास."

बाईंना 'नाही' म्हणायचं होतं. पण ते खरं होतं की खोटं, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

"येवडं तरी ऱ्हाऊ द्यायचं व्हतंस माझ्याकडं."

"मला माफ..."

"थांब." रखमाचा आवाज चढला नाही. "माझा बाप मला म्हनला व्हता, पोरी, खरं बोल, मी मारनार न्हाई. मी खरंच बोलत व्हते. मरस्तवर त्याला पटलं न्हाई. आता घरात बसून मला सांगतीस! त्याला गावापुडं हुबं केलं व्हतं. तू बी गावापुडं सांग."

त्याच दुपारी बाईंनी हस्तलिखित तन्वीरच्या हाती दिलं. त्यानं आश्चर्य दाखवलं नाही. "सही बघितली होती मी, मॅडम," तो एवढंच म्हणाला. "वाट बघत होतो." त्याची नजर खाली होती, जणू लाजायचं काम त्यालाच दिलं होतं.

रविवारी ग्रामसभा भरली. बाईंनी कागद न घेता सांगितलं. कुणाचं नाव, कुणाचा हात, कुणाची छिन्नी, कोण किती वर्षं गप्प बसलं. 'वाळवीनं खाल्लं' हेही सांगितलं. 'साळवींना मी संस्कार शिकवले,' हेही. बोलून झाल्यावर त्या शिव्या ऐकायला उभ्या राहिल्या.

 मग पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद उठले. "मंडळी, आजच्या काळात इतका प्रांजळपणा कुठे बघायला मिळतो? बाईंनी आज आपल्याला आणखी एक धडा शिकवला." आणि ते टाळ्या वाजवू लागले. मागोमाग सभा टाळ्या वाजवू लागली.

बाईंनी हात वर केले. "अहो, नको. ऐका माझं. टाळ्या नको." टाळ्या आणखी वाढल्या. त्या गर्दीतून त्यांना शेवटच्या रांगेतली रखमा दिसली. ती उठली, पदर सारखा केला आणि टाळ्या चालू असतानाच निघून गेली.  मारुतीला या जागेवर काय मिळालं होतं आणि आपल्याला काय मिळत होतं, ते सगळ्या सभेत दोघींनाच दिसलं होतं.

पाटीवर एकशे पंधरावं नाव लागलं. समितीनं शिक्षा माफ करायचा ठराव मांडला. बाईंनी तो स्वतःच फेटाळला, अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि पहिल्या तारखेला खराटा घेऊन गड चढल्या.

झाडणं सोपं नव्हतं. कंबर धरली. पाकिटं दगडांच्या फटीतून बोटांनी ओढून काढावी लागत. चौथ्या दिवशी एका पोरानं त्यांच्या समोरच केळ्याची साल टाकली आणि पुढे गेलं. बाईंच्या ओठांवर ओरडणं आलं. त्यांनी ते गिळलं, साल उचलली.

रखमाचं काम त्याच वाटेवर, तटाच्या पडक्या भागावर चालू होतं. ती रोज सकाळी तिथून जाई. एकदाही थांबली नाही, एकदाही पाहिलं नाही. बाईही हाक मारत नसत. हाक मारायचा हक्क आपण कधीच गमावलाय, हे त्यांना नीट कळलं होतं.

नवव्या दिवशी गावातली सातआठ माणसं वर आली. बाईंचे जुने विद्यार्थी. एकानं पुढे होऊन खराट्याला हात घातला.

"बाई, द्या इकडं. आम्हाला बघवत नाही. आम्ही आळीपाळीनं झाडतो तुमच्या वाटचं."

"सोड, प्रदीप. माझं मला करू दे."

"अहो पण किती लहान होता तुम्ही! तेरा वर्षांचं पोर ते. त्या वयात काय कळतं? लहान वयातल्या चुकीला एवढी शिक्षा कुणी देतं का?"

"खरंच आहे," दुसरी एक म्हणाली. "पोरवयात होतं असं."

बाई काही बोलणार, तोच तटावरचा हातोड्याचा आवाज थांबला. रखमा खाली उतरली. चुन्यानं माखलेल्या हातांनी ती त्या घोळक्यात येऊन उभी राहिली. तिनं बाईंकडे पाहिलं नाही. तिनं त्या सातआठ माणसांकडे एकेक करून पाहिलं.

"मी बी तेराचीच व्हते," ती म्हणाली. "झाडू द्या तिला."

 प्रदीपनं खराट्यावरचा हात काढला. माणसं एकेक करून पायऱ्या उतरू लागली. रखमा तटाकडे परत गेली, आणि थोड्या वेळानं हातोडा पुन्हा वाजू लागला.

बाई खाली वाकल्या आणि पुढची पायरी झाडू लागल्या.